साईटवर फोटो फिके पडतायत आणि साईट रखडतेय: दर लग्नसराईनंतर परत येणारं दुखणं

लग्नसराई उरकली, पाऊस लागला, की कोल्हापुरातले फोटोग्राफर लोक जरा निवांत होतात, सीझनचं काम आपापल्या पोर्टफोलिओ साईटवर चढवायला घेतात आणि तक्रारी सुरू होतात. लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) शालू कसला भारी दिसत होता, साईटवर गेला की धुऊन काढल्यासारखा. हळदीचा पिवळा मरगळलेला. नवरीच्या चेहऱ्यावर आजारी असल्यासारखी छटा. गॅलरीत फोटो फिका पण क्लिक करून मोठा केला की परत बरोबर, हे तर लई जणांचं असतंय, आणि हे लक्षण ध्यानात ठेवा, पुढं त्याचाच उपयोग होणार आहे. वर साईट उघडायलाच इतका वेळ की समोरचा पाव्हणा कंटाळून परत व्हॉट्सॲपला जातो आणि तिथं दुसऱ्या कुणाची तरी लिंक उघडतो.

मग वेबसाईटवाल्याला फोन. तो थीम बदलतो, होस्टिंगचा वरचा प्लॅन घ्यायला लावतो, स्पीडचं एखादं प्लगइन टाकतो, होमपेजवरचे फोटो स्वतः दुरुस्त करून चढवतो, सगळे खूश. पुढच्या सीझनला नवीन फोटो चढले की परत पहिल्यापासून. माझं म्हणणं असं आहे की खोट शोधायची तर फोटो लाइटरूममधून बाहेर पडतो तिथून साईटवर पोचेपर्यंतच्या वाटेवर शोधा. ती वाट तशीच ठेवून नुसते चढवलेले फोटो दुरुस्त केले तर दर वर्षी हे होणारच, थीम कितीही महागाची घ्या.

रंगाचं बघायच्या आधी एक गोष्ट बाजूला काढू, ती म्हणजे स्क्रीन. तुमच्या मोबाईलचा डिस्प्ले ‘व्हिविड’ मोडवर असेल तर सगळंच भडक दिसणार, आणि तेच फोटो लॅपटॉपवर बघितले की फिके वाटणार, यात साईटचा काही संबंध नाही. सेटिंगमध्ये जाऊन नॅचरल मोड करा, रात्रीचा तो पिवळट उजेडाचा मोड बंद करा, आणि मग मूळ फाईल आणि साईटवरचा फोटो एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवून बघा. एका स्क्रीनवरची फाईल आणि दुसऱ्या स्क्रीनवरची साईट अशी तुलना करून भांडणारे लोक आहेत, त्यांना काय सांगायचं. एकाच स्क्रीनवर फरक दिसला तरच पुढं वाचा.

दिसला ना फरक? मग कलर प्रोफाइल. एसआरजीबी हे मानक १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनी मिळून आणलं, त्या वेळच्या साध्या मॉनिटरला धरून. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ चं, त्यात हिरवे-निळसर रंग जास्त मावतात. आणि लाइटरूम आतमध्ये जे काम करतं ते प्रोफोटो आरजीबीच्या जवळचं, एकदम मोठं. फोटोमध्ये रंग म्हणजे शेवटी आकडे असतात, आणि ते आकडे कुठल्या मापातले आहेत हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. नुसतं ‘पाच’ म्हटलं तर पाच फूट की पाच मीटर हे कळत नाही, तसलाच प्रकार. फोटोला चिठ्ठी नसली की ब्राउझर सरळ धरून चालतो की हे एसआरजीबी आहे. आता आकडे अ‍ॅडोबी आरजीबीचे आणि वाचले एसआरजीबी म्हणून, तर रंग मेलेले दिसतात. प्रोफोटोचे आकडे असतील तर त्याहून वाईट, माणसं अगदी मातकट, हिरवट दिसायला लागतात.

म्हणजे दोन गोष्टी एकदम व्हायला लागतात. फोटो मोठ्या कलर स्पेसमध्ये, म्हणजे अ‍ॅडोबी आरजीबी नाहीतर प्रोफोटोच्या मोठ्या मापात, सेव्ह झालेला असतो, आणि वाटेत कुणीतरी ती चिठ्ठी काढून टाकलेली असते. दोन्हीतली एक जरी झाली नाही तरी फोटो बऱ्यापैकी ठीक दिसतो. त्यामुळंच हा प्रॉब्लेम कधी येतो कधी येत नाही आणि माणूस चक्रावतो की गेल्या महिन्यात तर बरोबर होतं.

फोटो मोठ्या स्पेसमध्ये जातो कुठून? पहिलं, कॅमेऱ्यातनं. कुणीतरी कधीतरी वर्कशॉपमध्ये सांगितलेलं असतंय की अ‍ॅडोबी आरजीबी ठेवा, प्रोफेशनल लोक तेच वापरतात. ओळखायची सोपी खूण आहे, फाईलचं नाव बघा. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर असला की नावाच्या सुरवातीला अंडरस्कोर येतो, निकॉन आणि सोनीत अंडरस्कोर डीएससी, कॅननमध्ये अंडरस्कोर एमजी. रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाईल) काढत असाल तर या सेटिंगनं रॉच्या रंगाला काही होत नाही, फक्त नाव आणि आतला प्रीव्ह्यू बदलतो, पण घाईत कॅमेऱ्यातला जेपीईजी उचलून साईटवर टाकलात तर सापडलात. दुसरं, लाइटरूममधून फोटोशॉपमध्ये एडिट करायला नेलेली फाईल. एक्सटर्नल एडिटिंगच्या सेटिंगमध्ये प्रोफोटो असतंय, तुम्ही स्किन रीटच करता, आणि तिथंच ‘सेव्ह अ‍ॅज’ करून जेपीईजी काढता. झाला प्रोफोटो जेपीईजी तयार. आपल्याकडं अल्बमचं काम ज्या मुलांकडं असतं ती बरीच मुलं असंच करतात. आणि तिसरं, फ्लेक्स किंवा छपाईसाठी बनवलेली सीएमवायके फाईल तीच परत साईटला वापरणं, त्यात तर रंग कुठं जातील सांगता येत नाही, ती फाईल साईटला वापरूच नका.

फाईलमध्ये काय आहे ते बघायला फोटोशॉप लागत नाही. विंडोजमध्ये फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं कलर रिप्रेझेंटेशनसमोर एसआरजीबी लिहिलेलं पाहिजे. ‘अनकॅलिब्रेटेड’ लिहिलं असेल तर बहुतेक अ‍ॅडोबी आरजीबी किंवा दुसरं काहीतरी आहे असं समजा. मॅकवर प्रीव्ह्यूमध्ये उघडून इन्स्पेक्टर बघा, प्रोफाइलचं नाव दिसतं.

आता चिठ्ठी कोण काढतं ते बघू, कारण वेबसाईटवाल्यांना पण हे पुष्कळदा माहीत नसतं. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साईट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्यात, तुम्ही एक फोटो चढवला की तो स्वतः त्याच्या लहान-मोठ्या कॉपी करतो, १५०, ३००, ७६८, १०२४ अशा पिक्सेलच्या, आणखी पण मोठ्या, आणि ५.३ या व्हर्जनपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो असेल तर त्याचीही लहान कॉपी करून तीच वापरतो. या कॉप्या करायला सर्व्हरवर दोन साधनं असतात, एक इमॅजिक आणि दुसरं जीडी. इमॅजिक असेल तर प्रोफाइल कॉपीत राहतं. जीडी असेल तर जातं. स्वस्तातल्या काही होस्टिंगवर इमॅजिक चालूच नसतं, वर्डप्रेस गपचूप जीडी वापरतो, आणि गॅलरीतल्या सगळ्या छोट्या कॉप्यांची चिठ्ठी गायब. मूळ फाईलला मात्र हात लागलेला नसतो. सुरवातीला जे लक्षण सांगितलं, गॅलरीत फिका आणि मोठा केला की बरोबर, ते इथून आलेलं असतं. हे लक्षण दिसलं की बाकी कुठं शोधत बसायची गरज नाही, डोळे झाकून इकडं या.

तपासायचं कसं, तर वर्डप्रेसच्या टूल्समध्ये साईट हेल्थ, त्यात इन्फो, त्यात मीडिया हँडलिंग. अ‍ॅक्टिव्ह एडिटर म्हणून कुणाचं नाव आहे ते तिथं लिहिलेलं असतं. जीडी दिसलं तर होस्टिंगच्या सपोर्टला सांगा इमॅजिक चालू करून द्या, पुष्कळ ठिकाणी कंट्रोल पॅनेलमध्ये पीएचपी एक्स्टेन्शनच्या यादीत नुसती टिक करायची असते. आणि एवढं करून थांबू नका, आधीच तयार झालेल्या कॉप्या आपोआप सुधारत नाहीत, त्या परत बनवायला थंबनेल रिजनरेट करणारं प्लगइन चालवायला लागतंय. इथंच लई जण फसतात. इमॅजिक चालू केलं, काहीच फरक पडला नाही, म्हणून तो उपायच चुकीचा ठरवून टाकतात.

इमेज ऑप्टिमायझर, म्हणजे फोटो दाबून हलके करणारं प्लगइन, असेल तर त्याचं पण सेटिंग बघा. मेटाडेटा (फाईलच्या आतली जास्तीची माहिती) काढून टाका अशी एक टिक असते, फाईल थोडी हलकी होते म्हणून लोक ती चालू ठेवतात, आणि काही प्लगइन त्यात प्रोफाइल पण काढतात, वर तुमचं कॉपीराइटचं नाव पण जातं. मोबाईलवर काढलेल्या फोटोतलं लोकेशन मात्र गेलेलंच बरं, कुणाच्या घरच्या हळदीचे फोटो टाकताना त्या घराचा पत्ता सोबत द्यायचं काय कारण?

पण खरं सांगायचं तर इमॅजिक, जीडी, प्लगइन या सगळ्या भानगडीत न पडता पण सुटका आहे. फोटो आधीच एसआरजीबीमध्ये बदलून चढवा. मग चिठ्ठी राहिली काय आणि गेली काय, ब्राउझर जे धरून चालतो तेच बरोबर निघतं. म्हणून मी आधी एक्सपोर्ट सुधारायला सांगतो आणि सर्व्हर नंतर. सर्व्हर उद्या बदलेल, वेबसाईटवाला पण बदलेल, एक्सपोर्ट तुमच्या हातात आहे.

फक्त बदलताना फोटोशॉपमध्ये एक खड्डा आहे. एडिट मेनूत ‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ असे दोन पर्याय खालीवर असतात. असाइन म्हणजे आकडे तेच ठेवायचे आणि फक्त चिठ्ठी बदलायची, म्हणजे ब्राउझर जी चूक करत होता ती तुम्ही स्वतःच्या हातानं पक्की केली. कन्व्हर्टमध्ये आकडे नव्यानं काढले जातात आणि दिसायला फोटो होता तसा राहतो. आपल्याला कन्व्हर्ट पाहिजे. असाइन केल्यावर फोटो फिका पडला म्हणून सॅच्युरेशन वाढवून परत सेव्ह करणारे मी बघितलेत, तो फोटो मग दुसरीकडं कुठं वापरला की पेटल्यासारखा दिसतो.

आता गुलालाचा विषय, कारण तो आपल्याकडचा खास आहे आणि बाहेरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेचे फोटो नसलेला पोर्टफोलिओ कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. सासनकाठ्या, वर उधळलेला गुलाल, माणसं नखशिखांत गुलाबी. आणि साईटवर नेमका हाच फोटो बिघडतो, फिका पडत नाही तर उलटं होतं, गुलालाचा एक सपाट गुलाबी ठप्पा होतो, आतली धूळ, कण, कपड्याच्या चुण्या सगळं नाहीसं. प्रोफाइल बरोबर असलं तरी होतं हे. कारण तो गडद गुलाबी एसआरजीबीच्या मापात मावतच नाही, लाल चॅनल २५५ ला जाऊन टेकतो आणि त्याच्या वरचे सगळे बारीक फरक एकाच आकड्यात चेपले जातात. लाइटरूममध्ये तुम्ही मोठ्या स्पेसमध्ये बघत असता म्हणून तिथं ते जाणवत नाही, मॉनिटर चांगला असेल तर अजिबातच नाही.

यावर उपाय एक्सपोर्टच्या आधीचा आहे. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये असताना एस दाबा, सॉफ्ट प्रूफिंग (एक्सपोर्टनंतर रंग कसे दिसतील याची झलक) चालू होतं, प्रोफाइल एसआरजीबी निवडा, आणि हिस्टोग्रामच्या कोपऱ्यातली गॅमटची वॉर्निंग चालू करा. जिथं रंग मावत नाही तिथं लाल पट्टा दिसेल. गुलालाच्या फोटोत तो निम्म्या फ्रेमवर दिसला तरी घाबरू नका. एकदम सगळ्याचं सॅच्युरेशन खाली ओढू नका, नाहीतर माणसांच्या कातडीचा जीव जातो, नुसतं मॅजेंटा आणि थोडं रेडचं सॅच्युरेशन कमी करा आणि ल्युमिनन्स (उजळपणा) पण जरा खाली घ्या. ल्युमिनन्स खाली घेतला की गुलाल उलट जास्त दाट वाटतो, कण परत दिसायला लागतात, आणि डोळ्याला रंग कमी झालाय असं वाटत पण नाही. लाइटरूम तिथं प्रूफ कॉपी करू का म्हणून विचारतं, हो म्हणा, म्हणजे अल्बमसाठीचं मूळ एडिट तसंच राहतं. खासबागेतल्या कुस्तीच्या फोटोत तांबड्या मातीचं पण थोडं असंच असतं पण माती गुलालाइतकी गडद नसते, बहुतेक वेळा सांभाळून घेते. झेंडूच्या माळा मात्र तपासा.

आयफोनवाले विचारतील की आमच्या फोनला पीथ्री (एसआरजीबीपेक्षा मोठी कलर स्पेस) दिसतंय, मग पीथ्रीतच का नको? चालेल की. आयफोन ७ पासून ते आहे, आत्ताचे ब्राउझर प्रोफाइल वाचतात, लाइटरूममधून डिस्प्ले पीथ्री काढता पण येतं. पण मग ती चिठ्ठी शेवटपर्यंत टिकली पाहिजे, आणि ती टिकेल याची खात्री तुमच्या होस्टिंगवर तुम्हाला आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि मग ठरवा. मी तरी क्लायंटच्या साईटला एसआरजीबीच ठेवतो.

रंगाच्या जवळचंच आणखी एक, आभाळात पट्टे पडणं. रंकाळ्यावरची संध्याकाळ, पन्हाळ्याच्या धुक्यातलं प्रीवेडिंग, असल्या फोटोत एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणारा भाग मोठा असतो आणि साईटवर तिथं पायऱ्या दिसायला लागतात. जेपीईजी आठ बिटाचा, त्यात एकदा तुम्ही दाबला, मग वर्डप्रेसनं कॉप्या करताना ८२ क्वालिटीला परत दाबला, मग ऑप्टिमायझरनं तिसऱ्यांदा. एवढी दाबादाबी झाल्यावर आभाळ काय शिल्लक राहणार. ऑप्टिमायझरची पातळी खाली आणा किंवा तो बंदच करा, आणि असल्या फोटोला एक्सपोर्टच्या आधी लाइटरूममध्ये अगदी थोडं ग्रेन द्या, पट्टे मोडून जातात.

आता स्पीड. इथं फार खोलात जात नाही कारण मूळ कारण तेच आहे, फाईल. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, पूर्ण क्वालिटीला एक फोटो आरामात आठ-दहा एमबीचा होतो. होमपेजवर स्लायडरमध्ये असले दहा फोटो ठेवले तर पाव्हण्याच्या मोबाईलनं शंभर एमबीच्या आसपास उतरवून घ्यायचं, ते पण मंगल कार्यालयात बसून, जिथं पाचशे माणसं एकाच टॉवरला लटकलेली. तेच फोटो लांब बाजू २०४८ पिक्सेल आणि क्वालिटी ७५ च्या आसपास ठेवून काढले तर एकेक साधारण चार-पाचशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. मोबाईलची स्क्रीन कितीही भारी असू दे, तिची रुंदी हजार-बाराशे-चौदाशे पिक्सेलच असते. आणि ते ७२ डीपीआय की ३०० डीपीआय यावरून वाद घालू नका, स्क्रीनला त्या आकड्याचा काही उपयोग नाही, फक्त पिक्सेल मोजले जातात. ३०० चं ७२ केलं म्हणून फाईल हलकी होत नाही, पिक्सेल कमी केले तर होते.

मोठी फाईल चढवली तरी वर्डप्रेस लहान करतोच की, मग काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. करतो, पण एवढा मोठा फोटो उघडायला सर्व्हरची मेमरी लागते, चोवीस मेगापिक्सेलला नुसत्या उघडण्यासाठी शंभर एमबीच्या घरात. छोट्या होस्टिंगवर ती पुरत नाही, प्रोसेसिंग अर्ध्यात मरतं, ‘२५६० पिक्सेलपर्यंतचा फोटो चढवा’ अशा अर्थाचा मेसेज येतो, आपण तो न वाचता बंद करतो, फोटो तर दिसतोय ना मग झालं. दिसतो तो मूळ दहा एमबीचा. लहान कॉपी झालेलीच नसते, मग गॅलरीतल्या प्रत्येक छोट्या चौकटीत अख्खी फाईल उतरते. पेज बिल्डरमध्ये इमेज साईज ‘फुल’ ठेवली असली तरी हेच. गॅलरीच्या ब्लॉकमध्ये जाऊन ती ‘लार्ज’ किंवा ‘मीडियम लार्ज’ करा, तेवढ्यानं अर्धी साईट पळायला लागते.

लेझी लोडिंगचा पण एक उलटा परिणाम आहे. खालचे फोटो माणूस स्क्रोल करत आला की उतरावेत हे बरोबर, वर्डप्रेस ५.५ पासून ते आपोआप करतो. पण स्पीडच्या प्लगइननं पहिल्या, सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला पण लेझी केलं, तर जो फोटो सगळ्यात आधी यायला पाहिजे तोच सगळ्यात शेवटी येतो. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये साईट टाकून बघा, एलसीपी (वरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) नावाचा आकडा अडीच सेकंदाच्या आत पाहिजे, आणि तो बहुतेक वेळा याच वरच्या फोटोचा असतो. प्लगइनच्या सेटिंगमध्ये ‘पहिला फोटो वगळा’ अशी सोय असते, ती वापरा. आणि स्लायडर काढता आला तर काढाच, माझं स्पष्ट मत आहे, चौथ्या स्लाइडपर्यंत कोण थांबतंय? एकच जबरदस्त फोटो ठेवा. यावर फोटोग्राफर लोक जाम भांडतात, एक निवडायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतंय.

टेस्ट करताना ऑफिसच्या वायफायवर, रोज साईट बघता त्याच ब्राउझरमध्ये करू नका, तिथं सगळं आधीच साठवलेलं असतंय. वायफाय बंद, मोबाईल डेटा चालू, इन्कॉग्निटो विंडो.

फोटो धूसर दिसतोय, रंग ठीक आहे पण डोळे-पापण्या मऊ, अशी तक्रार असेल तर पहिला प्रश्न हा विचारायचा की फोटो वेबसाईटवाल्याकडं गेले कसे. दहातल्या निम्म्याहून जास्त वेळा उत्तर व्हॉट्सॲप असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो, आतली माहिती जाते, आणि मग तो साईटवर रुंद चौकटीत ताणला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या. वेबसाईटवाला मागत नसेल तरी द्या. आयफोनवरून थेट टाकलेले पडद्यामागचे फोटो काही जणांना दिसतच नाहीत, ते एचईआयसी या वेगळ्या फॉरमॅटमध्ये असतात, जेपीईजी करून टाका. आणि फाईलच्या नावात मराठी अक्षरं, स्पेस, कॅपिटलमधलं जेपीजी नको. तुमच्या विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल एकच वाटतं, सर्व्हरवरच्या लिनक्सला नाही, तिथं फोटोच्या जागी मोडकं चित्र दिसतं.

फेटा कापला जातोय, ही पण तक्रार दर सीझनची. उभा पोर्ट्रेट चौकोनी चौकटीत टाकला की साईट मधला भाग धरते आणि वर-खाली कापते, मग नवरदेवाचा फेटा, नवरीच्या मुंडावळ्या गायब आणि मधोमध पोट. यात फोटो परत क्रॉप करून चढवायची गरज नाही. वेबसाईटवाल्याला सांगा त्या गॅलरीला ऑब्जेक्ट पोझिशन ‘टॉप’ किंवा वरून वीस टक्के द्या, एका ओळीचं काम आहे. नाहीतर गॅलरीचा लेआउटच मेसनरी करा, म्हणजे प्रत्येक फोटो आपल्या मापात बसतो.

सगळं दुरुस्त केलं आणि क्लायंट म्हणतोय मला अजून जुनाच फिका फोटो दिसतोय, तर तो खोटं बोलत नाहीये. त्याच नावानं फाईल बदलली की त्याच्या ब्राउझरकडं, आणि सीडीएन (साईटच्या कॉप्या ठेवून लवकर पोचवणारे सर्व्हर) असेल तर तिथं पण, जुनी कॉपी साठलेली असते. सीडीएनचा कॅश रिकामा करा, किंवा सगळ्यात सोपं म्हणजे फाईल नवीन नावानं चढवा. दुरुस्त केलेल्या फोटोच्या नावाशेवटी वर्ष घालायची सवय लावली तर हा त्रास राहतच नाही.

आता हे परत येऊ नये म्हणून करायचं ते फार थोडं आहे. लाइटरूमच्या एक्सपोर्टमध्ये एकदा बसून सगळं भरा: जेपीईजी, कलर स्पेस एसआरजीबी, क्वालिटी ७५ ते ८०, लांब बाजू २०४८, ‘डोन्ट एनलार्ज’ला टिक, शार्पनिंग स्क्रीनसाठी स्टँडर्ड, मेटाडेटात फक्त कॉपीराइट, नाव लहान अक्षरात. त्याचा प्रीसेट करून ‘साईट’ असं नाव द्या. एडिटिंग करणाऱ्या पोराच्या मशीनवर पण तोच प्रीसेट टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण जूनमध्ये फोटो चढवायला तुम्ही बसणार नाही, तो बसणार आहे, आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतंय. फोटोशॉपमधून थेट जेपीईजी काढायचा नाही, तिथं सेव्ह करून परत लाइटरूममध्ये यायचं आणि याच प्रीसेटमधून बाहेर काढायचं, असा नियम स्टुडिओत घाला. पुढं पोरगा सोडून गेला आणि नवीन आला तर पहिल्या दिवशी प्रीसेट दाखवा, कॅमेरा नंतर दाखवा.

आणि सगळे फोटो चढवायच्या आधी तीनच चढवा, एक हळदीचा, एक गुलालाचा नाहीतर झेंडूचा, एक संध्याकाळच्या आभाळाचा. या तिघांत सगळ्या खोड्या उघड्या पडतात. गॅलरीतली छोटी कॉपी साईटवरून डाउनलोड करा आणि मूळ एक्सपोर्टच्या शेजारी एकाच स्क्रीनवर ठेवा. फिकी असेल तर मूळ फाईलचं कलर रिप्रेझेंटेशन बघा. तिथं एसआरजीबी असेल आणि तरी कॉपी फिकी असेल तर ऑप्टिमायझर बंद करून तोच फोटो नवीन नावानं परत चढवा. आणि दोन्ही फाईली तंतोतंत सारख्या असून फक्त क्लायंटच्या फोनवर वेगळं दिसत असेल तर त्याला डिस्प्लेच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा.